भाट्याचा पांढरा घोडा

रत्नागिरीहून काजळी नदीवरचा पूल ओलांडला, की भाट्याचे सुरूबन लागते. संध्याकाळी तिथे मुलांना घोड्यावरून फिरवतात. परवा मी अशाच एका पांढऱ्या घोड्याचे चित्र काढायला बसलो. शिकवतो मराठी, पण पेन्सिलीचा नाद जुना! घोडा दुरून देखणा दिसत होता. कागदावर पाठ नीट उतरेना, म्हणून जवळ गेलो, तो खोगिराखाली ओली जखम! गेल्याच महिन्यात ह्याच पाठीवर मी भाचीला बसवले होते.

“ह्याला आठ दिवस विश्रांती द्या,” मी मालकाला म्हणालो.

“मास्तर, मग तो खाणार काय आणि आम्ही काय?”

मुंबईत २०१५ साली उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या, तेव्हाही हाच प्रश्न उभा राहिला होता. गाडी सुटली, पण घोड्याच्या हरभऱ्याचे काय?

मी आठ दिवसांची कमाई देऊ केली. त्याने निम्मीच घेतली. पशुवैद्य येऊन गेले. मिठाच्या कोमट पाण्याने जखम धुवायची, खोगीर चढवायचे नाही.

चित्र पाहून मालक हळूच म्हणाला, “तेवढी जखम पुसा की.”

“खपली धरली की पुसतो.”

तूर्त खिशात रबर घेऊन रोज पूल ओलांडतो आहे.