हिरड्याची फांदी

भीमाशंकरच्या डोंगरउतारावरील माझ्या आजोळी उन्हाळा लागला की बाळहिरड्याची धांदल सुरू होई. मामा झाडावर चढे, आजी खाली जुने लुगडे अंथरून बसे. अंगणात वाळत घातलेली ती हिरवी, कोवळी फळे काही दिवसांत काळी पडत, सुरकुतत. मग व्यापारी तराजू घेऊन येई. हिरडा पुढे कुठे जातो, असे मी विचारी. “खाली,” एवढेच आजी म्हणे. डोंगरावरून जे जाते ते खालीच जाते, असा तिचा भूगोल होता.

हा भूगोल किती अपुरा होता, हे मला फार उशिरा, धर्मशाळेत उमगले. तिबेटी निर्वासितांनी 1961 मध्ये तेथे पुन्हा उभारलेल्या मेन-त्सी-खांग या वैद्यक व ज्योतिष संस्थेत मी कुतूहलानेच गेले होते. भिंतीवर भैषज्यगुरू बुद्धाचे निळ्या कांतीचे चित्र होते. डाव्या हातात पात्र आणि उजव्या हातात एक फळांची फांदी. ती फळे मी ओळखली. तिबेटीत त्यांना अरुरा म्हणतात. तो आपला हिरडा.

तिबेटच्या पठारावर हिरडा होत नाही. वाग्भटाचे ‘अष्टांगहृदय’ अकराव्या शतकाच्या सुमारास तिबेटीत उतरले. हिरड्याला तर तेथे औषधींचा राजा मानले गेले. ल्हासामध्ये पोताला प्रासादासमोरच्या लोहगिरीवर, चाकपोरीवर, 1696 मध्ये वैद्यकाचा मठ स्थापन झाला. तेथे भिक्षू ‘ग्यूशी’चे 156 अध्याय मुखोद्गत करीत. त्यांच्या दृष्टीने हिरडा दूरदेशीचा, उष्ण प्रदेशातून डोंगर ओलांडून येणारा, म्हणून अधिकच पूज्य असणार. 1959 मध्ये तोफांच्या माऱ्यात तो मठ उद्ध्वस्त झाला. वैद्य तेन्झिन चोएडक यांना दीर्घ कारावास भोगावा लागला. पुढे ते धर्मशाळेस आले आणि पारदशोधनासारख्या दुर्घट प्रक्रियांचे ज्ञान त्यांनी नव्या पिढीच्या हाती दिले.

निर्वासनाने एक विलक्षण उलथापालथ केली. जो हिरडा दुर्मीळ होता तो दारात आला. जी फुले मठाच्या मागच्या डोंगरावर खुडली जात, ती परकी झाली. आता विद्यार्थी वनस्पती गोळा करण्यासाठी रोहतांगकडच्या उंच कुरणांवर जातात. तेथेही सगळे विपुल आहे असे नाही. कुष्ठ, म्हणजे आपल्या बाजारातले उपलेट, 1985 पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कडक निर्बंधाखाली आहे. 1997 मध्ये जटामांसीही नियंत्रित यादीत गेली.

तपासणीच्या खोलीत एका तरुण वैद्येने माझी नाडी तीन बोटांनी पाहिली. तिबेटी वैद्याला ‘आमची’ म्हणतात. मराठी कानाला हा शब्द किती जवळचा वाटतो! मी तिला ‘आमची-ला’ म्हणाले, तेव्हा माझे मलाच हसू आले. तिने गोळ्या लिहून दिल्या. पस्तीस द्रव्यांची म्हणून जिच्या नावातच पस्तीस आहे, ती अगरूची गोळी त्यांत होती.

बाहेरच्या दालनात मात्र चहा, तेले, धूप, मलमे अशी सुबक वेष्टनांतली उत्पादने मांडलेली होती. ती घेण्यासाठी कोणी नाडी पाहत नाही. क्षणभर मला ते खटकले. पाठांतराच्या, दीक्षेच्या, वनस्पती खुडतानाच्या मंत्रांच्या परंपरेतून निघालेले द्रव्य शेवटी शाम्पूच्या शेजारी मांडले जावे काय? पण हा आक्षेप सुस्थितांचा आहे, हेही तेथेच जाणवले. स्वतःचा देश नसलेल्या विद्येने स्वतःचे पोट कसे भरावे? माझी आजीदेखील हिरडा विकतच होती. तिच्या अंगणात त्याची पूजा कोणी केली नव्हती. मला भय आहे ते निराळे. पस्तीस द्रव्यांची गोळी करणाऱ्याला एक द्रव्य संपले की तत्काळ कळते, कारण त्याचा पाठ अडतो. चार द्रव्यांचा चहा मात्र एखादे नाहीसे झाले तरी तसाच विकता येतो. वेष्टनावरची एक ओळ बदलली की झाले.

निघताना मी आमची-लांना आमच्या डोंगराविषयी सांगितले. त्यांचे डोळे चमकले. “तुमच्याकडचा हिरडा कोणता? विजया आहे का?” त्यांनी विचारले. हरीतकीच्या सात जातींत विजया श्रेष्ठ, ही गोष्ट संस्कृत ग्रंथांतून त्यांच्या पाठात गेलेली.

मला उत्तर देता आले नाही. आजोळी मी तीनच नावे ऐकली होती: बाळहिरडा, सुरवारी हिरडा आणि चांभारी हिरडा. पहिला कोवळा, दुसरा पिकलेला, तिसरा कातडी कमावण्याचा. प्रत्येकाचा भाव वेगळा. मी ती नावे त्यांना सांगितली. त्यांनी ती तिबेटी अक्षरांत आपल्या वहीत उतरवून घेतली आणि ‘चांभारी’चा उच्चार दोनदा विचारला.