प्रयोग, तबकडी आणि प्रेक्षकांचा आवाज

पुनर्मुद्रण ही कल्पना आपण ग्रंथव्यवहारातून उचललेली आहे. पुस्तकाचे पुनर्मुद्रण होऊ शकते, कारण त्याची संहिता एकदा निश्चित झालेली असते आणि तिच्या प्रती कितीही निघाल्या तरी ती तीच राहते, असे आपण गृहीत धरतो. प्रयोगाचे तसे नाही. प्रयोग एका रात्री, एका जागी, समोर बसलेल्या माणसांच्या साक्षीने घडतो आणि संपतो. मग एखाद्या गाजलेल्या प्रयोगाच्या ध्वनिमुद्रिकेची नवी आवृत्ती निघते तेव्हा नेमके काय पुन्हा निघते? हा प्रश्न गेले काही महिने माझ्या मनात आहे. त्याला निमित्ते दोन झाली. एक विलायती रॉक संगीताची तबकडी आणि दुसरी आमच्या मिठबावातील दशावताराची एक जुनी कॅसेट. या दोहोंचा परस्परांशी काहीही संबंध नाही. परंतु तबकडीने उभा केलेला प्रश्न मला कॅसेटमुळे उलगडला, म्हणून दोन्हींचा विचार येथे एकत्र करीत आहे.

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश वाद्यवृंदाने ऑक्टोबर १९७१ मध्ये इटलीतील पाँपेई येथील प्राचीन रोमन प्रेक्षागारात आपल्या काही रचना वाजवल्या. एड्रियन मेबन या दिग्दर्शकाने त्याचा चित्रपट केला आणि तो १९७२ साली प्रथम दाखवला गेला. सायकेडेलिक रॉकच्या अभ्यासकांत आणि चाहत्यांत या वादनाला जवळजवळ अभिजाततेचा मान आहे. २ मे २०२५ रोजी ते लाँगप्ले तबकड्यांच्या रूपात प्रसिद्ध झाले. जुन्या ध्वनिमुद्रणाचे नवे मिश्रण स्टीव्हन विल्सन यांनी केले. मूळ ३५ मिलिमीटर निगेटिव्हवरून चित्रपटही दुरुस्त करण्यात आला. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीचे हे वादन त्याच महिन्यात ब्रिटनच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले.

रसिक याला ‘पुनःप्रकाशन’ म्हणतात. वस्तुतः हा संपूर्ण कार्यक्रम अधिकृत लाँगप्ले म्हणून त्यापूर्वी कधी निघालेलाच नव्हता. होता तो चित्रपट, आणि त्याच्याही वेगवेगळ्या लांबीच्या आवृत्त्या होत्या. १९७४ च्या आवृत्तीत लंडनच्या स्टुडिओतील दृश्ये नव्याने घातली गेली. शिवाय चित्रपटातील काही रचना पाँपेईत नव्हे, तर नंतर पॅरिसच्या एका स्टुडिओत वाजवलेल्या आहेत. म्हणजे पहिली आवृत्ती नसलेले हे पुनर्मुद्रण, आणि तेही एकापेक्षा अधिक जागी घडलेल्या ‘एका’ प्रयोगाचे. संतांच्या गाथांचे पाठभेद चाळलेल्या मराठी अभ्यासकाला ही परिस्थिती मुळीच अपरिचित वाटू नये. ‘मूळ प्रत’ ही बहुधा शेवटी तयार होणारी वस्तू असते.

परंतु मला अधिक विचार करावयास लावले ते वेगळ्याच गोष्टीने. या मैफलीला प्रेक्षक नव्हते. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या नगरीच्या प्रेक्षागारात दगडी पायऱ्यांच्या रांगा रिकाम्या होत्या. वादक, वाद्ये, ध्वनिवर्धकांच्या पेट्या आणि चित्रीकरण करणारी माणसे, एवढाच काय तो परिवार. १९७० साली आलेल्या वुडस्टॉकच्या चित्रपटात लाखोंचा जनसमुदाय हाच नायक होता. मेबन यांनी नेमका तोच काढून टाकला. वादन मात्र खरेच तेथे झाले, आधी मुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलवणे नव्हे. अशा प्रयोगाला इंग्रजीत ‘लाइव्ह’ म्हणतात. मराठीत आपण त्याला ‘प्रत्यक्ष’ म्हणू शकतो, पण मग कोणाच्या प्रत्यक्ष, असा प्रश्न व्याकरणच विचारते.

वोल्फगांग इझर यांचा ‘अभिप्रेत वाचक’ या संकल्पनेला रूढ करणारा जर्मन ग्रंथ १९७२ चाच, हा योगायोग होय. पण पाँपेईच्या रिकाम्या पायऱ्यांवर बसवलेला आहे तो तसाच एक अभिप्रेत श्रोता. तो तेथे नाही. तो पुढे केव्हातरी, आपल्या घरात, एकटा बसून ऐकणार आहे. त्याच्यासाठी जागा मोकळी ठेवलेली आहे. या अर्थाने हे ध्वनिमुद्रण प्रामाणिक आहे असे मला वाटते. समुदायाचा आव ते आणीत नाही. किंबहुना रिकामेपणा हाच त्याच्या आशयाचा भाग आहे.

माझा पिंड मात्र भरलेल्या प्रेक्षागारात घडला. मिठबाव हे देवगड तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. तेथे प्रयोग म्हणजे जत्रेच्या रात्रीचा दशावतार. मृदंग, पायपेटी आणि झांज एवढीच वाद्ये. राजाच्या सिंहासनापासून अरण्यातील शिळेपर्यंत सर्व कामे करणारे एक लाकडी बाक. गणपती, ऋद्धिसिद्धी, सरस्वती, संकासुर यांचा आडदशावतार झाला की आख्यान सुरू होई आणि पहाटे दहीकाल्याने रात्र संपे. आख्यानाचे कथानक ठरलेले असते. संवाद लिहिलेले नसतात. ते नट रंगमंचावर रचतो आणि रचताना समोरच्या गर्दीकडे पाहून ती ऐकते आहे की पेंगते आहे हे जोखीत असतो. देवासमोर घातल्या जाणाऱ्या गाऱ्हाण्याचीही रचना हीच. गाऱ्हाणे घालणारा एक वाक्य म्हणतो आणि जमलेली माणसे ‘व्हय म्हाराजा’ म्हणून ते पुरे करतात. हा प्रतिसाद गाऱ्हाण्याबाहेरचा नव्हे. तो नसेल तर गाऱ्हाणे झालेच नाही असे आमच्याकडे समजतात.

१९८६ च्या जत्रेतला एक दशावतार मुंबईहून आलेल्या एका चाकरमान्याने आपल्या टेपरेकॉर्डरवर घेतला होता. ती कॅसेट आमच्या घरी राहिली. गावातील काही तरुणांनी अलीकडे तिचे संगणकीय रूपांतर केले आणि त्यातील एकाने, जो माझा विद्यार्थीही आहे, तिची ‘स्वच्छ’ प्रतही तयार केली. फितीची सरसर गेली. गॅसबत्तीची फुरफुर गेली. त्याबरोबर खोकले, मुलांचे रडणे, बांगड्यांचे आवाज, शेंगांच्या कागदी पुड्यांची कुरकुर, मागच्या रांगेतल्या गप्पा हेही गेले. उरले ते नटांचे बोलणे आणि वाद्ये. ही प्रत एका ग्रंथालयाला द्यावी आणि तिला मी प्रस्तावना लिहावी, अशी त्यांची इच्छा होती.

त्याचा युक्तिवाद दुबळा नव्हता. “सर, ऐकणाऱ्याला संवादच कळले नाहीत तर आपण जतन कशाचं करतोय?” असे त्याने विचारले. मूळ प्रतीतील निम्मे संवाद अनोळखी श्रोत्याला खरोखरच लागत नाहीत. शिवाय पाँपेईच्या ध्वनिमुद्रणाचे नवे मिश्रण जर गौरवाचे ठरते, तर आमच्या कॅसेटनेच मळकट का राहावे?

हरिश्चंद्राच्या त्या आख्यानात एके ठिकाणी विश्वामित्राने राज्य मागितल्यावर राजा दरबाराला विचारतो की, दिलेला शब्द पाळावा ना? दरबार म्हणजे अर्थातच रिकामे बाक. तेवढ्यात प्रेक्षकांतून माझे थोरले चुलते, आमचे आबा, मोठ्याने ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. हशा उसळतो. राजाचे काम करणारा नट क्षणभर थांबतो आणि म्हणतो की प्रजेनेच आज्ञा केली, आता राजाला पर्याय नाही. मग तो त्याच वाक्याचा आधार घेऊन पाच-सहा मिनिटे राजा आणि प्रजा यांच्या नात्यावर बोलत राहतो. त्या आख्यानातील माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग तोच. स्वच्छ प्रतीत आबांचा आवाज नाही. तेथे राजा विचारतो, मध्ये थोडी शांतता जाते आणि प्रजेने आज्ञा केली असे तो सांगू लागतो. उत्तर आहे, पण ज्याचे ते उत्तर, ते विधान नाही. आबा १९९१ साली वारले. त्यांचा आवाज अन्यत्र कोठेही मुद्रित झालेला नाही, ही गोष्ट मी येथे युक्तिवाद म्हणून मांडीत नाही. पण ती लपवणेही योग्य होणार नाही.

नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात भरताने प्रयोगाच्या सिद्धीचा विचार केला आहे. तेथे मानुषी सिद्धीची लक्षणे म्हणून प्रेक्षकांचे स्मित, हास्य, वाहवा, हळहळ, रोमांच, जागेवरून उठणे यांची गणना होते. दैवी सिद्धी याहून वेगळी. जेथे गलबला नाही, क्षोभ नाही आणि प्रेक्षागार मात्र पूर्ण भरलेले आहे, ती दैवी. ही दुसरी अट मला निर्णायक वाटते. नुसती शांतता म्हणजे सिद्धी नव्हे. भरलेल्या प्रेक्षागाराची शांतता म्हणजे सिद्धी.

आता प्रश्न असा की, ध्वनिमुद्रणात भरलेली शांतता आणि रिकामी शांतता यांतला फरक कळतो कशाने? तो कळतो नेमक्या त्याच बारीक आवाजांनी, जे संगणक गोंगाट म्हणून वेगळे काढतो. तारामती रोहिदासाचे प्रेत घेऊन स्मशानात येते तेव्हा मूळ कॅसेटमध्ये गर्दी हळूहळू निवत जाते. आधी गप्पा थांबतात, मग मुलांना गप्प केले जाते, मग दूरवर एकच खोकला ऐकू येतो. शेकडो माणसे गप्प बसली आहेत हे त्या एका खोकल्याने समजते. स्वच्छ प्रतीत या जागी जी शांतता आहे ती पाँपेईची आहे. पाँपेईत ती खरी होती. मिठबावात ती खोटी आहे.

तांत्रिक बाजूही याच निष्कर्षाकडे नेते. वाद्ये वेगवेगळ्या मार्गिकांवर मुद्रित झालेली असतील तर त्यांचे प्रमाण बदलून नवे मिश्रण करता येते, आणि त्याने कोणाचा आवाज नाहीसा होत नाही. आमच्या कॅसेटला एकच मायक्रोफोन होता आणि तो प्रेक्षकांत ठेवलेला होता. नट, मृदंग, आबा आणि खोकणारा अनामिक हे सारे एकाच फितीवर एकमेकांत मिसळलेले आहेत. त्यांना वेगळे करणे हे मिश्रण नव्हे, ते संपादन आहे. आणि संपादकाला कर्ता कोण हे आधी ठरवावे लागते.

त्या रात्री राजाचे काम केलेले नट आता वयोवृद्ध आहेत. त्यांना आम्ही स्वच्छ प्रत ऐकवली. आपला आवाज त्यांनी ओळखला, पण थोड्या वेळाने विचारले, “ह्या खंयचा नाटक?” मग मूळ कॅसेट लावली. अजून आख्यान सुरूही झाले नव्हते, नुसती गर्दी ऐकू येत होती, तोच ते म्हणाले, “ह्या मिठबावचा.” प्रयोगाची ओळख त्यांना स्वतःच्या शब्दांतून पटली नाही, ती पटली त्यांना ऐकणाऱ्यांच्या आवाजातून.

या साऱ्यावरून तंत्रज्ञानाविरुद्ध काही सिद्ध होते असे माझे म्हणणे नाही. स्वच्छ प्रत उपयुक्त आहे. तिच्याशिवाय मला स्वतःला काही संवाद कधीच लागले नसते. आक्षेप आहे तो तिला मूळ पाठाचे स्थान देण्याला. लोकपरंपरेतील प्रयोगांच्या छापील संहिता तयार करताना आपण प्रेक्षकांचे बोलणे कंसात टाकतो किंवा गाळतो. त्यामागे ग्रंथाची कल्पना आहे, जीत एक लेखक बोलतो आणि बाकीचे वाचतात. दशावताराला ती लागू करणे म्हणजे त्याच्या अर्ध्या कर्त्यांना कर्तृत्वातून वगळणे होय.

म्हणून आम्ही असे ठरवले आहे की ग्रंथालयाला दोन्ही प्रती द्याव्यात. मूळ कॅसेट हा पाठ आणि स्वच्छ प्रत ही केवळ वाचनसाहाय्य, असे प्रस्तावनेत स्पष्ट लिहावे. लिप्यंतर करताना प्रेक्षकांची वाक्ये नटांच्या वाक्यांच्याच टाइपात, त्यांच्याच ओळीत छापावीत आणि शांततेच्या जागी कोणते आवाज ऐकू येतात तेही नोंदवावे. विद्यार्थ्याला हे पूर्णपणे मान्य नाही. खोकल्याची नोंद करणारी संहिता हास्यास्पद होईल असे त्याला वाटते, आणि त्याच्या या शंकेला माझ्याजवळ अजून पुरेसे उत्तर नाही. कॅसेटच्या पहिल्या बाजूचे लिप्यंतर झाले आहे. दुसऱ्या बाजूवर पहाट होते आणि नटांपेक्षा प्रेक्षकच अधिक बोलू लागतात. ते काम पुढल्या महिन्यात सुरू करू.