ब्रेक कधी मऊ लागतो?

दुखणे रोजचे असले की वैद्याला सोपे जाते. येते-जाते दुखणे मात्र वैद्याच्या दारात पाऊल टाकताच हमखास पळून जाते. जुन्या मोटारीच्या ब्रेकचेही तसेच असते, हे आम्हा घरच्यांना गेल्या वर्षी कळले.

आमची छोटी गाडी वीस वर्षांहून जुनी. पुढच्या चाकांना डिस्क, मागच्यांना ड्रम. पावसाळा संपता संपता ती आमच्याकडे आली आणि दिवाळीच्या सुट्टीत बेळगावहून आम्ही साखळीला नातेवाइकांकडे निघालो. जांबोटी, कणकुंबी मागे पडली. चोर्ला घाट उतरून केरीजवळ येतो तोच ब्रेकचे पेडल स्पंजावर पाय पडावा तसे मऊ लागले. गाडी थांबली, पण पाय नेहमीपेक्षा बराच खोल गेला. तासाभराने पाहतो तर पेडल पुन्हा कडक!

तिथल्या एका गॅरेजमध्ये सांगण्यात आले, "मास्टर सिलिंडर बदला. नाही जमले तर बाकीचेही बदलू." खर्च मोठा आणि खात्री कशाचीच नाही. घरातल्या मोठ्या वहिनी म्हणाल्या, "पैसे जाऊ देत, पण त्या ब्रेकवर मुले बसणार नाहीत." गाडी ट्रकवर घालून आम्ही बेळगावला आणली.

इथल्या ओळखीच्या वयस्कर मिस्त्रींनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, "पार्ट बदलायची घाई कशाला वो? मऊ कधी लागतंय, ते सांगा आधी." नववीतल्या आमच्या लेकीने वही काढली. गाडी जागच्या जागी उभी ठेवून काकांनी तिच्याकडून एकेक नोंद करून घेतली.

पहिली नोंद : पेडल जोराने दाबून मिनिटभर धरले. ते हळूहळू खाली गेले नाही. तेल बाहेर न गळताही पेडल असे खाली जात असेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतले रबर दाब धरत नाही असे समजावे. आमचे रबर शाबूत होते. चाकांपाशी, नळ्यांपाशी ओलही नव्हती.

दुसरी नोंद : पेडल पटापट दोनदा दाबले, तर दुसऱ्या खेपेला ते वर येऊन घट्ट झाले. म्हणजे मागच्या ड्रममधले ब्रेक शू ड्रमपासून लांब राहिले होते आणि पहिला दाब ते अंतर भरण्यातच संपत होता. ड्रम उघडले तेव्हा अंतर आपोआप राखणारा भाग गंजून अडकलेला सापडला.

तिसरी नोंद सर्वांत महत्त्वाची : सकाळी गार गाडीत पेडल स्पंजासारखे नसे. लांब उतारावर ब्रेक तापल्यावरच ते तसे होई आणि गार झाल्यावर सुधारे.

"काका, असे का?" या लेकीच्या प्रश्नाला तिच्याच विज्ञानाच्या पुस्तकात उत्तर होते. सतराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल यांचा नियम असा, की बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. पायाचा जोर चाकापर्यंत जातो तो असा. द्रव जवळजवळ दबत नाही, वायू मात्र सहज दबतो. ब्रेकचे तेल हवेतली आर्द्रता शोषून घेते. डॉट ३ प्रकारचे नवे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर मानकातील ही मर्यादा १४० अंशांवर येते. घाटात ब्रेक तापले की असे तेल उकळते, वाफेचे बुडबुडे होतात आणि आपला पाय ते बुडबुडेच दाबत बसतो. गार झाल्यावर वाफेचे पुन्हा पाणी होते आणि दुखणे लपते!

काकांनी ड्रममधला अडकलेला भाग सोडवून अंतर जुळवले आणि जुने तेल काढायला घेतले. सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात. स्क्रूला पारदर्शक नळी, नळीचे टोक बाटलीतल्या तेलात. लेक पेडलवर. "दाब बाळ... धरून ठेव... आता सोड." स्क्रू बंद केल्याशिवाय पाय उचलायचा नाही आणि वरच्या डबीतले तेल तळाला जाऊ द्यायचे नाही, ही दोन पथ्ये. चहाच्या रंगाचे तेल जाऊन स्वच्छ, फिकट तेल येईपर्यंत चारही चाकांचे काम चालले. मास्टर सिलिंडरला हातही लागला नाही.

आधी मोकळ्या मैदानात, मग छोट्या उतारावर पाहून मे महिन्यात आम्ही पुन्हा चोर्ला उतरलो, तेही ज्या गिअरमध्ये चढावे त्याच गिअरमध्ये उतरावे हा जुन्या चालकांचा नियम पाळून. पेडल शेवटपर्यंत कडक राहिले.

पालकांना एवढेच सांगणे, की ब्रेक मऊ लागला तर तो आपोआप सुधारला म्हणून पुढे निघू नका. ब्रेकचे तेल साधारण दोन वर्षांनी बदला आणि तारीख लिहून ठेवा. विद्यार्थी मित्रांनो, प्रयोगवहीत 'निरीक्षण' हा रकाना 'अनुमान' याच्या आधी असतो. आमच्या घरी त्या क्रमाने मास्टर सिलिंडरचा खर्च वाचला आणि वहिनी पुन्हा मुलांना घेऊन गाडीत बसल्या.