शितावरून भाताची परीक्षा



माझी भाची संसर्गजन्य रोगांच्या संशोधनात संख्याशास्त्रज्ञ आहे. नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे डॉक्टर का?" नाही. ती सुई टोचत नाही. किती जणांचं रक्त घ्यायचं, कुठल्या घरांतून घ्यायचं आणि आलेल्या आकड्यांवरून काय म्हणता येईल, हे ती बघते. बी.कॉम.ला आम्ही सरासरी काढायला शिकलो, पण या कामाची किंमत मला कळली २०२० मध्ये.

त्या जुलै-ऑगस्टमध्ये आयसर, पुणे विद्यापीठ आणि इतर संस्थांनी पुण्यातल्या जास्त रुग्ण असलेल्या पाच प्रभागांत १,६६४ जणांचं रक्त तपासलं. ऐन पर्युषणात निकाल आला. ५१.५ टक्के लोकांच्या रक्तात कोरोनाच्या अँटीबॉडी होत्या, म्हणजे त्यांना संसर्ग होऊन गेला होता. नोंद झालेले रुग्ण त्या मानाने फारच थोडे होते.

"लाखोंच्या वस्तीचं सोळाशे जणांवरून काय कळणार?" घरात सगळेच म्हणाले. भाचीने फोनवर विचारलं, "मावशी, भात शिजला का बघायला तू किती शितं दाबतेस?" दोन-तीनच. पण नुसती वरची घेऊन चालत नाही, मधली आणि तळाचीही बघावी लागतात. सर्वेक्षणातही हौसेने पुढे येणाऱ्यांवर भागत नाही, निवड तटस्थपणे करावी लागते. शिवाय हे पातेलं पाच प्रभागांचं, अख्ख्या पुण्याचं नव्हे.

तेव्हा एका सोसायटीत धुणंभांडी करणाऱ्या बायकांना गेटवरच अडवलं होतं. "वस्तीतल्या लोकांमुळे पसरतं," असं सगळे बोलत. मी बैठकीत आकडे वाचून दाखवले. सामायिक शौचालय वापरणाऱ्यांत ६२.३ टक्के, घरात स्वतःचं असणाऱ्यांत ४५.३. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांतही जवळपास ३३ टक्के. म्हणजे रोग गेटच्या आत केव्हाच आला होता, आणि वस्तीत जास्त पसरला तो दाटीमुळे, माणसांच्या वाईटपणामुळे नव्हे. गेट लगेच उघडलं नाही, पण सगळ्या बायकांचा पगार चालू ठेवायचं त्या दिवशी ठरलं.

भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५४ मध्ये संख्याशास्त्राच्या पायावर लेख लिहिला. त्यात त्यांनी आपल्या स्याद्वादाची संभाव्यतेच्या विचाराशी सांगड घातली. 'स्यात्' म्हणजे गोंधळ नव्हे. कुठल्या अपेक्षेने बोलतोय, ते सांगून बोलणं. भाचीही टक्केवारी एकटी देत नाही. किती जण तपासले, कुठले, आणि आकडा किती मागेपुढे होऊ शकतो, तेही सांगते.

जिवाणू-विषाणू डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून आपण पाणी गाळतो, उकळतो. माणसाबद्दल बोलतानाही शब्द असेच गाळून घ्यावेत. एखाद्या वस्तीवर बोट दाखवण्याआधी एवढंच विचारावं, कितींपैकी किती?