पहिला घास

बंगळूरमधील चामराजपेट ही १८९२ साली वसविण्यात आलेली जुनी वस्ती. सरळ आखलेले रस्ते, कन्नड साहित्य परिषदेची वास्तू आणि जवळच फुलाफळांनी गजबजलेला कृष्णराजेंद्र बाजार. या वस्तीतील एका जुन्या घराच्या स्वयंपाकघराची भाषा मात्र मराठी आहे. त्या घरातील आजी बेने इस्राएल, म्हणजे शतकानुशतके कोकणात राहिलेल्या ज्यू समाजातल्या. शेजारणीशी त्या कन्नडमध्ये बोलतात, नातीशी मराठीत बोलतात आणि पहिला घास घेण्यापूर्वी क्षणभर थांबून हिब्रूत काही पुटपुटतात.

त्या पुटपुटण्याला ‘बेराखा’ म्हणतात. बेराखा म्हणजे आशीर्वचन. पण ते अन्नाला उद्देशून नसते. अन्न निर्माण करणाऱ्या परमेश्वराची ती स्तुती असते. जगातील कोणतीही वस्तू स्तुतीवाचून उपभोगणे म्हणजे परमेश्वराच्या मालकीची वस्तू परस्पर घेणे होय, असे प्राचीन ज्यू धर्मपंडितांनी मानले. म्हणून प्रत्येक प्रकारच्या अन्नासाठी त्यांनी निरनिराळे शब्द ठरवून दिले. दिवसाकाठी शंभर बेराखा म्हणाव्यात, असाही संकेत आहे.

या नियमांमागे बारीक निरीक्षण आहे. झाडाच्या फळासाठी एक बेराखा, तर जमिनीतून उगवणाऱ्या भाजीपाल्यासाठी दुसरी. द्राक्षरसाची वेगळी, पाणी, मासे, दूध, अंडी यांची आणखी वेगळी. गव्हाच्या चपातीला भाकरीचा मान आहे; ती खाण्यापूर्वी हात धुवून खास बेराखा म्हणायची. तांदळाची भाकरी दिसायला भाकरीच. पण तांदूळ त्या मानाच्या पाच धान्यांत मोडत नसल्याने तिच्यासाठी ती बेराखा चालत नाही. जेवण झाल्यावरही आभाराची प्रार्थना असते. मराठी घरांत ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालणाऱ्यांना ही भावना परकी वाटणार नाही.

बेने इस्राएलांच्या इतिहासातही ताटाला मोठे स्थान आहे. तेलाचे घाणे चालविणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून कोकणात त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव पडले. बाहेरून आलेल्या एका ज्यू विद्वानाने त्यांना कसे ओळखले, याची कथा समाजात सांगितली जाते. त्याने स्त्रियांपुढे निरनिराळे मासे ठेवले, तेव्हा त्यांनी पर आणि खवले नसलेले मासे बाजूला काढले. ग्रंथ हाती नव्हते. चूल मात्र नियम विसरली नव्हती. पुढे ग्रंथही आले. १८७४ साली पुण्यात हिब्रू व मराठी मजकुराची सचित्र हाग्गादा, म्हणजे वल्हांडणाच्या सणाच्या भोजनाची पोथी, छापली गेली.

गेल्या वर्षी आजींची मोठी शस्त्रक्रिया झाली. त्यातून उठल्यावर त्यांनी ‘मलिद्या’चा नवस फेडायचे ठरविले. मलिदा हा बेने इस्राएलांचा खास विधी. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची व सुकामेवा एकत्र करून परातीत त्याची रास रचतात आणि भोवती फळे मांडतात. प्रेषित एलियाहू हन्नबीचे स्मरण करीत प्रार्थना म्हणतात आणि मग फळे व मलिदा वाटतात.

अडचण वेगळीच निघाली. सामुदायिक प्रार्थनेसाठी परंपरेनुसार दहा प्रौढ ज्यू पुरुष लागतात. दुखण्यातून उठल्यावर म्हणावयाची आभाराची बेराखाही दहांच्या साक्षीने म्हणायची असते. बंगळुरात सिनेगॉग नाही. म्हैसूर रस्त्यावर ज्यूंची जुनी दफनभूमी आहे. तेथे नावे वाचायला मिळतात, पण प्रार्थनेला जिवंत माणसे लागतात. चार दिवस दूरध्वनी करूनही तीनच पुरुष मिळाले.

‘‘आजी, मी आहे ना! मी का चालत नाही?’’ नातीने विचारले. तिच्या स्वरात राग होता.

आजी लगेच बोलल्या नाहीत. नियम त्यांनी केलेला नव्हता आणि तो मोडण्याचे धैर्यही त्यांच्यापाशी नव्हते. पण मुलीच्या प्रश्नाला ‘तसंच असतं’ एवढे उत्तर देणेही त्यांना पटेना. अखेर त्या म्हणाल्या, ‘‘दहांची प्रार्थना आपण ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये जाऊन करू. पण पहिल्या घासाला दहा लागत नाहीत, बाळ. जो खातो, त्यानेच म्हणायचं. म्हणून तर कोकणात आपलं एवढं टिकलं.’’

त्या संध्याकाळी ताट मांडले गेले. शेजारच्या कन्नड बाईंनी नारळ खवून दिला. मुलीने आधी खजूर उचलला, झाडाच्या फळाची बेराखा म्हटली आणि तो खाल्ला. मग केळे हाती घेऊन ती अडखळली.

‘‘हेही झाडाचंच ना?’’

‘‘केळीचा खुंट एकदाच घड देतो. मग तो तोडतात, आणि खालच्या कंदातून नवा कोंब वर येतो. म्हणून केळं जमिनीचं फळ.’’

मुलीने केळ्याकडे पाहिले. अडखळत, पण शेवटपर्यंत, तिने जमिनीच्या फळाची बेराखा म्हटली. तिघे पाहुणे स्तब्ध होते. आजींचा आवाज दुखण्याने अजून क्षीण होता. तरी त्यांनी उच्चारलेले ‘आमेन’ दारात उभ्या असलेल्या शेजारणीलाही स्पष्ट ऐकू गेले.