बद म्हणजे समुद्र

कॅसेट खरखरत सुरू व्हायची आणि मान मागे टाकून, स्वर लांबवत माझा चुलतभाऊ म्हणायचा, ‘बॅऽऽड!’ मायकेल जॅक्सनचा त्या नावाचा अल्बम १९८७ साली आला आणि आमच्या घरातल्या दुपारच्या झोपेला सुरुंग लागला. आजी कूस बदलून पुटपुटायची, ‘काय मेलं बद बद लावलंय!’ तिच्या कानाला बद म्हणजे बदनाम, बदफैली, बदचाल. तिचं तरी काय चुकत होतं? फारसीतून आपल्याकडे आलेला ‘बद’ आणि इंग्रजांचा ‘बॅड’ यांचा अर्थ एकच. रक्ताचं नातं मात्र काही नाही, निव्वळ योगायोग.

पण भाऊ शिवी देत नव्हता. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीत हाच शब्द उलटा फिरून शाबासकी झाला होता. सारी गंमत त्या लांबलेल्या स्वरात. तुटक म्हटला तर वाईट, रेंगाळत म्हटला तर झकास. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या वाईट ठरवलं गेलं, त्यांनी तोच शब्द दागिन्यासारखा मिरवावा, यात मला मस्ती ऐकू येते, आणि तिच्या तळाशी जुनं दुखणंही.

पुढे कधीतरी अफार भाषेतला ‘बद’ भेटला. इथिओपिया, एरिट्रिया आणि जिबूतीतल्या अफार लोकांची ही भाषा. ती रोमन लिपीत लिहितात, त्यामुळे अक्षरं हुबेहूब त्या अल्बमवरचीच. अर्थ? समुद्र. आणि मोठं सरोवरही. मी तो शब्द मोठ्यानं म्हणून पाहिला. किती आखूड, आणि केवढं पाणी मावलंय त्यात! त्या मुलखात एके काळी तांबडा समुद्र आत शिरला होता. पुढे वाट बंद झाली, पाणी उन्हात आटत गेलं, आणि दानाकिलच्या खोलगटीत, समुद्रसपाटीच्याही शंभर मीटरहून खाली, पांढरंशुभ्र मीठ तेवढं उरलं. कुऱ्हाडीनं ते फोडायचं, तासून चौकोनी लाद्या करायच्या, उंटांच्या पाठीवर बांधायच्या आणि डोंगर चढायचे, हे तिथे शतकानुशतकं चालत आलं. आटलेला समुद्र माणसांनी असा थोडा थोडा उचलून बाजारात नेला.

आणि अवाश! ही नदी इथिओपियाच्या डोंगराळ भागात उगवते, हजाराहून अधिक किलोमीटर वाहते, पण तांबड्या समुद्रापर्यंत पोचतच नाही. जिबूतीच्या सीमेवरच्या एका खाऱ्या सरोवरात ती संपते. अभे बद त्याचं नाव. नकाशे त्याला सरोवर म्हणतात, म्हणोत बापडे. पाणी खारं आहे आणि नदी तिथे पोचून थांबते; अफार त्याला बद म्हणतात, तेच मला पटतं.