बिल कोणाच्या नावानं

६ जानेवारी २०२५, सातारा

सकाळी एका पेढेवाल्यांच्या भट्टीशी. कंदी पेढ्यात गुपित असं काही नाही. म्हशीच्या दुधाचा खवा पुन्हा कढईत टाकून तांबूस होईपर्यंत परतायचा. पाणी आटतं म्हणून पेढा टिकतो, आणि साताऱ्याहून निघालेला माणूस तो मुंबईच्या पाहुण्यांपर्यंत निर्धास्त नेतो. साखर बेताची. परतणाऱ्याचा हात एकदाही थांबला नाही. व्हिडिओसाठी फोन धरलेला माझा हात मात्र थोड्याच वेळात भरून आला.

मालकांनी नेहमीचा प्रश्न विचारला, ‘ताई, ह्याच्यात तुम्हाला सुटतं काय?’ ‘काय मजा आहे बाई तुझी’ म्हणणाऱ्यांपेक्षा हा प्रश्न मला बरा वाटतो. सांगितलं : यूट्यूबवर आधी १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास लोकांनी पाहिल्याशिवाय जाहिरातीतला वाटा सुरू होत नाही. सुरू झाला तरी बघणारा कुठला, भाषा कोणती, त्यावर दर. मराठीला इंग्रजीच्या मानानं कमीच. ‘म्हणजे आमच्या दुधासारखंच,’ ते म्हणाले. ‘फॅट बघून भाव.’

निघताना अर्धा किलो बांधून दिले आणि पैसे घेईनात. गल्ल्यावर ठेवून आले. फुकटच्या पेढ्याला नाव ठेवता येत नाही.

९ जानेवारी, पाचगणी

इथं मात्र मी फुकट राहते, फुकट जेवते आणि वर पैसे घेते. डोंगराच्या कडेला बांधलेलं रिसॉर्ट, ‘स्ट्रॉबेरी महोत्सव’ असा फलक, दोन दिवसांचं काम. ह्यातून पुढच्या महिन्याचं घरभाडं निघतं, म्हणून नाक मुरडण्याचा हक्क मला नाही.

मॅनेजरांची एकच विनंती : ‘मॅडम, तेवढं “जाहिरात” असं लिहू नका, लोक लगेच पुढं सरकतात.’ केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी २०२३च्या सूचना स्पष्ट आहेत. पैसे, वस्तू, फुकट मुक्काम, काहीही घेतलं असेल तर ते ठळक सांगायचं. मी पहिल्याच ओळीत लिहिलं. ते नाराज झाले. पैसे देतील, करार झालाय. जेवणात स्ट्रॉबेरी घातलेलं पनीर होतं. त्याचं वर्णन ‘वेगळं’ असं केलं. आमच्या धंद्यात हा शब्द फार उपयोगी पडतो.

खरी स्ट्रॉबेरी पहाटे खालच्या शेतात भेटली. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण मातृरोपं आजही परदेशातून येतात. मल्चिंगच्या वाफ्यांमधून वाकून देठासकट तोडणाऱ्या बायका, लगेच प्रतवारी, लगेच डबी. एका काकूंनी देठाजवळ पांढरी राहिलेली, विकायला न जाणारी फळं चिरून तिखट-मीठ लावून हातावर ठेवली. ह्या वर्षात खाल्लेलं सगळ्यात चांगलं काही असेल तर ते. वर्ष जेमतेम आठवड्याचं आहे, तरी म्हणते.

ज्यांच्याकडे जाहिरातीला पैसे असतात त्यांच्या ताटात सांगण्यासारखं क्वचित असतं, आणि ज्यांच्या ताटात असतं त्यांना जाहिरात परवडत नाही. पाचगणीच्या पैशांवर मी कराडला जेवते, एवढाच माझा उद्योग.

१३ जानेवारी, कराड. भोगी

हॉटेलात भोगीची भाजी मागायची नसते. ओळखीच्या एका घरी गेले. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वांगी, गाजर, घेवडा, ओला हरभरा, पावटा, शेंगदाणे, वर तिळाचा कूट, लोण्याचा गोळा. मावशी म्हणाल्या, ‘भाजीचा फोटो काढ गं, माझा नको.’ फोन पिशवीतच ठेवला. आज कमाई शून्य.

१४ जानेवारी, हरिपूर

संक्रांत. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ हळदीची पेवं बघायला आले. जमिनीत खणलेला खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठं. हळद भरून तोंड मातीनं बंद करायचं. इथल्या मातीचा गुण असा की औषधाशिवाय हळद वर्षानुवर्षं राहते. पेव उघडलं की काही तास थांबतात, आतली कोंडलेली हवा जाऊ देतात, मग माणूस उतरतो. २००५च्या महापुरात पाणी आत शिरलं आणि पुष्कळ पेवं गेली. आता माल गोदामात, शीतगृहात.

आजच निजामाबादच्या राष्ट्रीय हळद मंडळाचं उद्घाटन झालं. चहा पिताना एक जुने व्यापारी मोबाईलवर ती बातमी दोनदा वाचून म्हणाले, ‘सांगलीच्या हळदीला २०१८ला मानांकन, बाजारपेठ आमची नावाजलेली, आन् मंडळ तिकडं!’ मग मला म्हणाले, ‘तुम्ही लिव्हा की.’ लिहीन. पण पेवाच्या लेखाला कोणी प्रायोजक मिळणार नाही. वर्तमानपत्राच्या पुरवणीत जाईल, आणि मानधन हरिपूरच्या रिक्षेत व चहात निम्मं संपलेलं असेल.

१८ जानेवारी, इस्लामपूरचा रस्ता

अख्खा मसूर. कराडपासून सांगलीपर्यंत ढाब्याढाब्यावर ह्याचे फलक. कांदा, टोमॅटो, लसूण हात सैल सोडून, घरची कांदा-लसूण चटणी, वर तेलाचा तवंग. मसूर आकारानं अख्खा राहायला हवा आणि बोटानं दाबला की त्याचं पीठ व्हायला हवं. इथं दोन्ही जमलं होतं. एकटी बाई बघून पोरगा ‘फॅमिली रूम’कडं नेऊ लागला, मी चुलीसमोरच बसले.

मालक येऊन टेकले. ‘ताई, निवांत जेवा. पण व्हिडिओ नगं.’ मागं कोणीतरी येऊन केला होता. ‘आयतवारी पुण्याच्या गाड्या लागत्यात. सहा जणांत दोन मसूर घेत्यात आन् फोटू काढत बसत्यात. माझं रोजचं ड्रायव्हर उभं राहून कटाळलं, फुडच्या ढाब्यावर गेलं.’

मग चटणीत कायकाय घालतात ते त्यांनी सविस्तर सांगितलं. ढाब्याचं नाव मी लिहिणार नाही. पदार्थावर लिहीन. ‘नेमकं कुठं?’ विचारणारे चिडतील, चिडू देत.

२२ जानेवारी, कुंडल

वाकडी वाट करून आले. किर्लोस्करवाडीला लागून हे गाव; कमलाबाई ओगले यांचा जन्म इथला, १९१३चा. शाळा चौथीपर्यंत, स्वयंपाक सांगलीला सासूबाईंच्या हाताखाली शिकल्या, आणि १९७० साली त्यांची पाककृतींची ‘रुचिरा’ आली. वाटी-चमच्यांची मापं दिली, म्हणून परगावी संसार मांडलेल्या मुलींना ती उपयोगी पडली. लाखावर प्रती खपल्या. त्यांना हॉटेलवाल्यानं काही दिलं नाही, मसालेवाल्यानं काही दिलं नाही. पैसे मोजले ते वाचणारीनं, पुस्तकाच्या दुकानात.

माझ्या कामात असा भाग एकच : हिवाळ्यात लहान गट घेऊन जाते, गुऱ्हाळावर, हुरड्याला, फेब्रुवारीनंतर तासगावकडच्या बेदाण्याच्या शेडवर. त्यातले पैसे जेऊ घालणाऱ्यांनाही पोचतात. कष्ट मात्र असे की लग्न काढलेलं बरं.

२५ जानेवारी, सांगली

आजपासून एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. बायकांचं अर्धं तिकीट चालू आहे. मार्च २०२३पासून माझा खर्चाचा ताळमेळ त्यावर उभा आहे, हे कुणाला सांगितलं तर हसतील.

दुपारी सीएंना फोन. एका कंपनीनं पाठवलेला कॅमेरा ठेवून घ्यायचा की परत करायचा? जुलै २०२२पासून एकाच कंपनीकडून वर्षात २०,००० रुपयांहून जास्तीच्या वस्तू मिळाल्या तर १० टक्के टीडीएस लागतो. परत केला तर प्रश्न नाही. परत करते.

संध्याकाळी भडंग घेताना हरिपूरच्या त्या व्यापाऱ्यांच्या चिरंजीवांचा फोन : ‘ताई, आमच्या हळदीचं एक रील करता का? किती घेता?’ आकडा सांगितला. बराच वेळ शांतता. ‘निम्मे रोख, निम्मी हळद, चालेल?’ म्हटलं, रोख किती आणि हळद कुठली ते आधी बोला.

‘नवीन निघाली की बोलू,’ म्हणाले. ‘होळीपर्यंत थांबा.’